खारं शेत भाताखाली आणताना: बांधापासून बियाण्यापर्यंत

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत खाडीकाठाने सपाट, काळसर शेतं दिसतात. पावसाळ्यात ती हिरवी असतात आणि एप्रिलमध्ये मीठ भुरभुरल्यासारखी पांढरी पडतात. ही खारजमीन, कोकणातल्या बोलीत खार किंवा खाजण. अशी जमीन हाती आली की नवखा माणूस आधी बियाणं शोधतो, मग जिप्समची चौकशी करतो आणि बांधाकडे सगळ्यात शेवटी वळतो. क्रम नेमका उलटा हवा. आधी खारं पाणी थांबवायचं, मग आतलं पाणी बाहेर जायची वाट मोकळी करायची, मग पावसाकडून जमीन धुऊन घ्यायची. बी त्यानंतर. आणि भात कापून झाल्यावर उन्हाळ्यात मीठ पुन्हा वर येऊ द्यायचं नाही.

हा क्रम का, ते एका हिशेबात कळतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. एक एकर शेतात हे पाणी १० सेंटीमीटर साचलं तर ते चार लाख लिटर होतं आणि त्याबरोबर १४ टन मीठ शेतात येतं. पावसाळ्यात नदीचं पाणी मिसळल्यामुळे खाडी थोडी गोडी होते. मे महिन्यात मात्र ती जवळजवळ समुद्राइतकीच खारट असते. बांधाला हातभर भगदाड असेल तर वर्षभराची मेहनत एका उधाणात वाया जाते. कितीही चांगलं बियाणं आणलं तरी ते वाचवणार नाही.

जमीन आधी तपासा

मातीचा नमुना एप्रिल-मे महिन्यात घ्या. क्षार तेव्हा सगळ्यात वर आलेले असतात, म्हणजे जमिनीची वाईटात वाईट अवस्था कळते. नेहमीच्या माती परीक्षणात वरचा पालापाचोळा बाजूला करून १५ सेंटीमीटरपर्यंतची माती घेतात. खारजमिनीत एवढ्याने भागत नाही. एकाच जागी ० ते १५, १५ ते ३० आणि ३० ते ६० सेंटीमीटर असे तीन थर वेगवेगळे घ्या. वरची पांढरी पापडी खरवडून चौथ्या पिशवीत ठेवा, ती वरच्या थरात मिसळू नका. एकरी आठ-दहा ठिकाणची माती थरवार एकत्र करून प्रत्येक थराची अर्धा किलो पुरते. शेतातला सखल भाग आणि उंचवटा मात्र एकत्र करू नका, कारण खारजमिनीत दहा पावलांवर क्षारता दुप्पट होते. खताच्या रिकाम्या गोणीत माती भरली तर परीक्षण फुकट जातं.

अहवालात तीन आकडे पाहा: विद्युत वाहकता म्हणजे ईसी, सामू म्हणजे पीएच, आणि विनिमययोग्य सोडियमची, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची टक्केवारी. ईसी कोणत्या पद्धतीने काढली ते विचारायला विसरू नका, नवख्यांचा सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. माती आणि पाणी १:२.५ या प्रमाणात घेऊन काढलेला आकडा आणि मातीच्या संपृक्त अर्काचा, म्हणजे माती पाण्याने पुरती भिजवून त्या लगद्यातून काढलेल्या पाण्याचा आकडा यांत मोठा फरक असतो. पुस्तकांतल्या पीकनिहाय मर्यादा संपृक्त अर्काच्या असतात. संपृक्त अर्काची ईसी ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. भाताचं उत्पादन साधारण ३ पासूनच घटायला लागतं आणि ७ च्या आसपास निम्म्यावर येतं. हे आकडे साध्या जातींचे, खारपट्ट्यासाठीच्या जाती याहून जास्त तग धरतात.

वर्षभर लक्ष ठेवायचं तर खिशातलं ईसी मीटर घ्या. वाळवून चाळलेली ५० ग्रॅम माती आणि २५० मिलिलिटर पावसाचं किंवा शुद्ध पाणी बाटलीत घालून पाच मिनिटं हलवा, तासभर निवळू द्या, मग वरच्या पाण्यात मीटर बुडवा. आपल्या चिकण मातीसाठी येणाऱ्या आकड्याला सहाने गुणलं की संपृक्त अर्काच्या जवळपास जातो. मीटरवर १.४ आलं तर जमीन ८.४ च्या घरात आहे. भात लावायला ती तयार नाही. नळाचं पाणी वापरलं तर त्याची स्वतःची ईसी आधी मोजून वजा करा.

मीटर नसलं तरी जमीन बरंच सांगते. बांधाच्या आत मोरस ही खारी वनस्पती दाट असेल, सखल कोपऱ्यात तिवराची, म्हणजे कांदळवनातल्या झाडाची रोपं उगवत असतील किंवा मारांडी या खाडीकाठच्या झुडपाची काटेरी पानं दिसत असतील तर तिथे खारं पाणी नियमित येतं आहे. फक्त उन्हाळ्यात पांढरी पापडी धरते पण खाऱ्या वनस्पती नाहीत, अशा ठिकाणी मीठ बहुधा खालच्या पाण्यातून वर चढतं. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

बांध आणि उघाडी

शेताचं भवितव्य इथे ठरतं, म्हणून इथे घाई करू नका. पहिलं काम चौकशीचं. तुमचा बाहेरचा बांध शासकीय खारभूमी योजनेतला आहे की खासगी, हे खारभूमी विकास विभागाच्या कार्यालयात विचारा. महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम १९७९ चा आहे आणि त्याआधी मुंबई राज्याचा १९४८ चा कायदा होता, त्यामुळे जुन्या योजनांची नोंद बहुतेक ठिकाणी मिळते. शासकीय योजनेतल्या बांधाची डागडुजी विभागाकडे लेखी मागायची. खासगी योजनेत ती लाभधारक शेतकऱ्यांनी मिळून करायची. एकट्याने आपल्यापुरता बांध उंच करून काही साधत नाही. पाणी शेजारच्या खांडीतून, म्हणजे बांध फुटलेल्या जागेतून येतं आणि मागच्या बाजूने तुमच्या शेतात उतरतं.

बांध पाहायला जायचं ते अमावस्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या भरतीला. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीला सगळे बांध चांगलेच दिसतात. भरती पूर्ण चढलेली असताना बांधाच्या आतल्या बाजूने, शेताकडच्या पायथ्याने चाला. कुठे पाझर आहे, कुठे माती मऊ लागते, कुठे बारीक धार वाहते, तिथे काठी रोवून खूण करा. धार स्वच्छ असेल तर थोडी सवड आहे. गढूळ येत असेल तर बांधाच्या पोटातली माती वाहून चालली आहे, तिथे पुढच्या उधाणाची वाट पाहू नका.

बहुतेक खांडी लाटेने पडत नाहीत, खेकड्याच्या बिळाने पडतात. बीळ बाहेरून आत आरपार गेलं की भरतीचं पाणी त्यातून जोराने वाहतं, भोक रुंदावतं आणि वरची माती खचते. घुशी आणि उंदीर हेच काम कोरड्या बाजूने करतात. बिळाचं तोंड नुसतं मातीने लिंपलं तर आठवड्यात पुन्हा उघडतं. ओहोटीला बीळ शेवटपर्यंत खणा, पोकळी मोकळी करा, ओलसर चिकण मातीचे गोळे एकावर एक ठोसून आतून बाहेर भरत या. गवत, पेंढा, लाकडाचे तुकडे भरावात घालू नका. ते कुजले की पाण्याला आयती वाट मिळते.

नवा भराव घालायचा तर तो १५ ते २० सेंटीमीटरच्या थरांनी. प्रत्येक थर ओलसर असतानाच धुमसाने दाबा. सुकी ढेकळं एकदम ओतून केलेला बांध पहिल्याच पावसात बसतो आणि मधे भेगा ठेवतो. ताजी चिकण माती सावकाश खाली बसते, म्हणून हव्या उंचीपेक्षा १५ ते २० टक्के जास्त चढवा. उतार खाडीकडून सपाट ठेवा, एका मीटर उंचीला अडीच ते तीन मीटर. शेताकडून दीड ते दोन मीटर पुरतो. खाडीकडच्या अंगाला दगडांचं पिचिंग केलं तर खाली बारीक खडीचा थर हवा, नाहीतर लाटा दगडांच्या फटीतून माती चोखून नेतात. भरावाची माती बांधाच्या अगदी पायथ्याची उचलू नका. तिथे चर पडतो आणि पाझर वाढतो. निदान पाच मीटर आतली घ्या.

बांधाबाहेरच्या तिवरांना हात लावू नका. ती झाडं लाटेचा जोर मोडतात. ती गेली की दरवर्षी बांधाची माती भरावी लागते. कायदाही कडक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर कांदळवनाच्या तोडीवर बंदी कायम केली आणि त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखीव धरला. यातून शेतकऱ्यासाठी एक मोठी गोष्ट निघते. खांड पडून शेत दोन-तीन वर्षं भरतीखाली राहिलं तर आत तिवर उगवतं, आणि एकदा ते वाढलं की आपल्याच सातबाऱ्यावरच्या जमिनीत ते परवानगीशिवाय काढता येत नाही. खांड पडल्याचा अर्ज, पंचनामा आणि तारखेसह फोटो त्याच आठवड्यात करून ठेवा. दुरुस्ती कांदळवनालगत असेल तर माती टाकण्याआधी वनखात्याची परवानगी लागते का ते विचारा.

आता उघाडी. बांधातून पाणी बाहेर सोडणारं हे दार. त्याची झडप खाडीच्या बाजूला असते. ओहोटीला आतल्या पाण्याचा दाब तिला उघडतो, भरतीला खाडीचं पाणी तिला दाबून बंद करतं. यंत्र अगदी साधं आहे, पण त्याच्या झडपेत अडकलेली एक नारळाची झावळी पूर्ण भरती आत घेते. उन्हाळ्यात झडप काढून पाहा. लाकूड कुजलं आहे का, बिजागर गंजलं आहे का, चौकटीला झडप सगळीकडून टेकते का. टेकण्याच्या कडेला रबराची पट्टी लावली तर गळती बरीच थांबते. मग भरतीच्या वेळी आतल्या बाजूला उभं राहून पाहा, पाणी आत शिरत असेल तर ते नजरेला दिसतंच. उघाडीचा तळ आतल्या पाटाच्या तळापेक्षा उंच राहिला असेल तर तळाचं खारट पाणी कधीच बाहेर जात नाही. जुन्या उघाड्यांपुढे बाहेरून गाळ साठल्यामुळेही हेच होतं. झडपेपुढचा गाळ मे महिन्यात काढलाच पाहिजे.

जाताजाता एक सांगावंसं वाटतं. मासे पकडण्यासाठी भरतीला उघाडी मुद्दाम उघडी ठेवण्याची सवय काही ठिकाणी आहे. एका रात्रीच्या मासळीपायी वीस शेतकऱ्यांचं भात जातं. उघाडीची किल्ली आणि जबाबदारी कोणाकडे, हे गावाने पावसाआधी ठरवून घ्यावं.

आतले पाट

धुतलेलं मीठ बाहेर नेलं नाही तर ते फक्त एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जातं. म्हणून शेतातून उघाडीपर्यंत उतरत जाणारा पाट हवा, खोली ४५ ते ६० सेंटीमीटर. त्याहून खोल चर खाजणात घाईने खणू नका. खालची माती काळी-निळसर आणि कुजक्या अंड्यासारख्या वासाची असेल तर तिच्यात गंधकाचे संयुगं असू शकतात. अशी माती हवेला उघडी पडली की आम्ल तयार होतं, सामू ४ च्याही खाली जातो, चरातलं पाणी गंजासारखं तांबूस होतं आणि मातीवर फिकट पिवळे डाग येतात. असं दिसलं तर खणणं थांबवून माती प्रयोगशाळेत पाठवा. ती माती शेतावर पसरू नका.

मोठं शेत एकसंध ठेवण्यापेक्षा त्याचे लहान तुकडे करा आणि प्रत्येकाभोवती ३० सेंटीमीटरचा आतला बांध घाला. सपाट नसलेल्या शेतात उंचवटे उघडे राहतात, आणि उघड्या जागी मीठ साठतं.

पावसाने जमीन धुणे

कोकणाचं नशीब हे की इथे वर्षाला २५०० ते ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोरड्या मुलखात जे काम कालव्याच्या विकतच्या पाण्याने करावं लागतं ते इथे आभाळ करतं. ठोकताळा असा: मातीच्या ३० सेंटीमीटर थरातून १५ सेंटीमीटर पाणी झिरपून गेलं तर निम्मे क्षार जातात, ३० सेंटीमीटर गेलं तर सुमारे ८० टक्के. अट इतकीच की पाणी मातीतून गेलं पाहिजे, नुसतं वरून वाहून गेलेलं या हिशेबात धरायचं नाही. आणि खाजणाची चिकण माती पाणी फार हळू पिते. म्हणून जूनमध्ये दोन मोठे पाऊस झाले की जमीन धुतली गेली असं समजू नका.

कामाची पद्धत अशी ठेवा. पहिल्या दोन-तीन जोरदार पावसांचं पाणी अडवू नका. पांढरी पापडी त्याच पाण्यात विरघळते, ते सगळ्यात खारट असतं. प्रत्येक ओहोटीला ते उघाडीतून जाऊ द्या. त्यानंतर बांध बंद करून शेतात १० सेंटीमीटर पाणी साठवा, तीन-चार दिवस राहू द्या. मातीतले क्षार हळूहळू वरच्या पाण्यात उतरतात. चौथ्या दिवशी पाण्याची ईसी मोजा, सोडून द्या, पुन्हा पावसाने भरू द्या. प्रत्येक फेरीत आकडा उतरत जातो. उदाहरणार्थ पहिल्या फेरीला ९, मग ६, मग ३.५. साठलेल्या पाण्याची ईसी २ च्या खाली आली आणि चार दिवस ठेवूनही तिथेच राहिली की लावणीला हरकत नाही. आज ओतलेल्या ताज्या पावसाच्या पाण्यात मीटर बुडवून खूश होण्यात अर्थ नाही, ते पाणी मातीशी अजून बोललेलंच नसतं.

पाणी सोडायची वेळ ओहोटीला बांधलेली आहे आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. भरतीचं वेळापत्रक भिंतीवर लावून ठेवा.

जिप्समचा प्रश्न

खारी जमीन म्हटली की जिप्सम, असं एक समीकरण डोक्यात बसलेलं असतं. कोकणातल्या बहुतेक खारजमिनींत मुख्य क्षार साधं मीठ असतं आणि सामू उदासीनच्या आसपास असतो. ते मीठ पाण्याने जातं, त्याला जिप्समची गरज नाही. जिप्सम लागतं ते चोपण जमिनीला, जिथे विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर आहे आणि मातीचे कण पाण्यात विखुरतात.

घरी करायची एक चाचणी: हरभऱ्याएवढं सुकं ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या पाण्यात अलगद सोडा, हलवू नका. दोन तासांनी आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी पाहा. ढेकूळ नुसतं विरघळून तळाशी पसरलं आणि पाणी स्वच्छ राहिलं तर चोपणपणा नाही. ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरला तर सोडियम जास्त आहे. ही चाचणी पावसाळा संपल्यावर पुन्हा करा. मीठ भरपूर असेपर्यंत कण घट्ट राहतात, ते धुतलं गेलं की सोडियमचा खरा परिणाम दिसतो आणि माती साबणासारखी निसरडी होऊन पाणी पिणं बंद करते.

जिप्सम लागणार असं ठरलं तर मात्रा अहवालावरून काढा. १५ सेंटीमीटर थरातलं १०० ग्रॅम मातीमागे एक मिलिइक्विव्हॅलंट सोडियम हटवायला शुद्ध जिप्सम एकरी सुमारे ०.७८ टन लागतं. समजा मातीची धन आयन विनिमय क्षमता, म्हणजे १०० ग्रॅम माती सोडियमसारखे किती धन आयन धरून ठेवते तो आकडा, ४० मिलिइक्विव्हॅलंट आहे आणि सोडियम २२ टक्के. ते १२ वर आणायचं, म्हणजे ४० च्या १० टक्के, म्हणजे ४ मिलिइक्विव्हॅलंट हटवायचं. एकरी ३.१ टन. बाजारातल्या जिप्समची शुद्धता ७५ टक्के असेल तर ४.१ टन. ते मे महिन्याच्या शेवटी पसरून वरच्या १० सेंटीमीटरमध्ये मिसळा, म्हणजे पहिल्या पावसाने विरघळू लागेल. निचऱ्याची सोय नसेल तर घालूच नका. हटवलेलं सोडियम जायला वाट हवी.

बियाणे, दाढ, लावणी

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं खारजमीन संशोधन केंद्र पनवेलला आहे. तिथून निघालेल्या पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ या जाती खारपट्ट्यासाठीच आहेत. त्याआधीपासून काळा राता, भुरा राता अशा जुन्या लाल तांदळाच्या जाती या भागात टिकून आहेत. उत्पादन कमी, पण खाऱ्या कोपऱ्यात त्या उभ्या राहतात. अतिखारट कोपऱ्यासाठी थोडं जुनं बी जवळ ठेवणं शहाणपणाचं.

सहनशील जात म्हणजे मीठ न लागणारी जात नव्हे. भात उगवताना आणि फुटव्यांच्या वेळी बऱ्यापैकी सोसतं. कोवळ्या रोपाच्या वेळी आणि पोटरीपासून फुलोऱ्यापर्यंत मात्र हळवं असतं. सगळं वेळापत्रक या दोन नाजूक वेळा सांभाळण्यासाठीच आखायचं.

म्हणून दाढ, म्हणजे रोपवाटिका, खाऱ्या शेतात टाकू नका. उंचावरच्या गोड्या जमिनीत एकरासाठी चार गुंठे दाढ करा. बी एकरी २० ते २५ किलो, नेहमीपेक्षा जास्त, कारण लावणी दाट करायची आहे. पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून बी त्यात टाका, तरंगणारं पोचट काढून टाका, तळाचं बी दोनदा स्वच्छ पाण्यात धुऊन सावलीत सुकवा. रोपं २८ ते ३५ दिवसांची होऊ द्या. गोड्या जमिनीत २१ दिवसांचं रोप उत्तम म्हणतात, खाऱ्यात तेच कोवळं रोप आठवड्यात करपतं. लावणी १५ बाय १५ सेंटीमीटरवर, एका चुडात चार-पाच रोपं. एखादं मेलं तरी चूड मोकळा पडत नाही. दहा दिवसांनी मर पाहून नांगे म्हणजे रिकाम्या जागा भरायला थोडी दाढ राखून ठेवा.

जिथे चिखलणी करता येत नाही किंवा मजूर मिळत नाहीत तिथे रहू पद्धत चालते. बी २४ तास भिजवा, पाणी काढून गोणीत दाबून २४ ते ३६ तास उबेत ठेवा, मोड दोन-तीन मिलिमीटरचा झाला की धुतलेल्या ओल्या जमिनीवर फोका. एकरी ३५ ते ४० किलो लागतं. मोड लांब झाला तर फोकताना तुटतो. फोकल्यावर शेतात पाणी अगदी थोडंच ठेवा, आणि दोन दिवस कडक ऊन पडलं तर पुन्हा ओलवा, नाहीतर वरच्या सेंटीमीटरभर मातीत मीठ साठून मोड जळतो.

खत

खाऱ्या, पाणी साठलेल्या शेतात वरून फोकलेला युरिया निम्म्याहून अधिक हवेत आणि उघाडीतून खाडीत जाऊ शकतो, कारण तुम्ही पाणी सतत बदलत असता. इथे युरिया-डीएपीच्या ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्या, सरळसरळ चांगल्या. चारसूत्री नावाच्या भात लागवड पद्धतीत लावणी १५ आणि २५ सेंटीमीटर आळीपाळीने करतात आणि १५ सेंटीमीटरच्या प्रत्येक चौकोनाच्या मधे २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट ७ ते १० सेंटीमीटर खोल खोचतात. एकरी २५ हजार ब्रिकेट, वजन ६७ ते ६८ किलो. या अंतराने लावायचं तर वरचं १५ बाय १५ सोडावं लागतं. मध्यम खाऱ्या, चांगल्या धुतलेल्या तुकड्यात ब्रिकेट घ्या, जास्त खाऱ्यात दाट लावणी घ्या आणि युरिया तीन हप्त्यांत, पाणी सोडून झाल्यावर द्या. त्यानंतर चार-पाच दिवस पाणी बाहेर सोडू नका. पालाशसाठी म्युरेट ऑफ पोटॅश टाळा, त्यातून आणखी क्लोराइड येतं. सल्फेट ऑफ पोटॅश महाग आहे, पण इथे योग्य. झिंकची उणीव नेहमी आढळते, एकरी १० किलो झिंक सल्फेट चिखलणीच्या वेळी पुरतं.

सेंद्रिय खतासाठी धैंचा हे हिरवळीचं पीक सुचवतात. कोकणात अडचण वेळेची आहे: जूनमध्ये पेरलेला धैंचा ४५ दिवसांनी गाडायचा तर लावणीचा हंगाम निघून जातो. त्यापेक्षा उंच बांधांवर गिरिपुष्प लावा आणि चिखलणीच्या आठ-दहा दिवस आधी त्याचा कोवळा पाला एकरी चार टन शेतात दाबा.

उभ्या पिकात

पाच सेंटीमीटर पाणी कायम ठेवा. गोड्या शेतात मधे पाणी तोडून जमीन सुकवतात तसं इथे करू नका, जमीन सुकताच खालचं मीठ वर चढतं. पानांची टोकं पांढरी पडून वळायला लागली, जुनी पानं आधी करपली आणि हे ठिपक्याठिपक्याने दिसलं तर तो क्षारांचा त्रास. युरिया टाकू नका, पाण्याची ईसी मोजा आणि पाणी बदला.

खरी परीक्षा सप्टेंबरच्या शेवटी. पाऊस उघडीप देतो आणि नेमकं तेव्हाच पीक निसवत असतं. या दोन आठवड्यांत शेतातलं पाणी आटलं तर लोंब्या उभ्या राहतात आणि दाणे पोचट निघतात. १५ सप्टेंबरनंतर शेतातलं पाणी गरज नसताना सोडू नका.

पिकात भरतीचं पाणी शिरलं तर पहिल्या ओहोटीला उघाडी पूर्ण उघडा, गरज पडली तर आतले बांध फोडा. खारं पाणी किती तास राहिलं यावर सगळं आहे. बाहेर काढून त्याच दिवशी पावसाने किंवा तळ्यातल्या गोड्या पाण्याने धुतलं तर फुटव्यांचं पीक सावरतं. तलाठ्याला कळवून पंचनामा मात्र त्याच दिवशी मागा.

कापणीनंतर

नोव्हेंबर ते मे शेत मोकळं पडलं की खालचं खारं पाणी मातीच्या केसांसारख्या बारीक वाटांनी वर येतं, हवेत उडतं आणि मीठ मागे ठेवतं. हे रोखायला कापणीनंतर वाफसा असतानाच उथळ नांगरट करा, ८ ते १० सेंटीमीटर. वरची भुसभुशीत माती त्या वाटा तोडते. एका आठवड्याने उशीर झाला तर माती दगड होते आणि नांगर ढेकळं काढतो, त्याचा उपयोग नाही. भाताचा पेंढा जाळू किंवा सगळा विकू नका, एकरी दोन टन पसरून ठेवा.

दुसरं पीक घेण्याचा मोह होतो. वाल, पावटा, मिरची ही पिकं मिठाला फार नाजूक आहेत. कांदाही तसाच, म्हणून अलिबागचा पांढरा कांदा गोड्या शेतात पिकतो हे पाहून तो खाजणात लावू नका. सूर्यफूल, बीट, पालक यांना थोडी संधी असते, तीही शेततळ्याचं गोडं पाणी असेल तर. पश्चिम बंगालमध्ये कॅनिंग टाउनच्या क्षार संशोधन केंद्राने शेताच्या पाचव्या हिश्शात तळं खणून त्या मातीने उरलेलं शेत उंचावण्याची पद्धत बसवली आहे. आपल्याकडे ती करण्याआधी मे महिन्यात एका जागी परीक्षा-खड्डा खणा आणि खालून येणारं पाणी मोजा. ते खारट असेल तर तळ्याचा तळ त्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर पावसाचं सगळं साठलेलं पाणी जानेवारीपर्यंत मचूळ होतं. शेजारी कोळंबीची तळी असतील तर त्यांच्या बाजूचा आतला बांध आणि एक पाट स्वतंत्र ठेवा.

पुढच्या एप्रिलमध्ये त्याच जागांवरून, त्याच तीन थरांचे नमुने घ्या. वरचा थर सुधारला आणि ३० ते ६० सेंटीमीटरचा आकडा जागचा हलला नाही, तर धुलाई वरवर झाली आहे: आतला पाट साफ करा, उघाडीचा तळ खाली घ्या. तिन्ही थर खाली आले पण एका कोपऱ्यात पापडी पुन्हा धरली, तर त्या कोपऱ्यालगतच्या बांधावर पुढच्या अमावस्येच्या भरतीला जाऊन उभे राहा. तिथे बीळ आहे.